गॅलरीखालचे मालक

स्वतःच्याच इमारतीला घाबरणारा घरमालक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. बाकीच्या जगात भाडेकरू मालकाच्या नावानं खडे फोडतात. छप्पर गळतं म्हणतात, भिंतीला ओल आली म्हणतात, आणि मालक कानात बोळे घालून बसतो. आमच्याकडे उलटी गंगा. आम्ही भाडेकरू वरच्या मजल्यावर सुखानं नांदत असायचो आणि मालक खाली अंगणात उभे राहून, टोपी मागे सारून, मान मोडेपर्यंत वर बघत असायचे. मग हाक यायची, "काय आवाज आला का गं? करकरल्यावानी?" आवाज आलेला नसला तरी त्यांना तो आलेला असायचा, आणि एकदा त्यांनी विचारलं की थोड्या वेळानं आम्हालाही यायला लागायचा.

माणूस मूळचा भातशेतकरी. खोपोलीला कारखाने आले तेव्हा त्यांची जमीन एका कारखान्यात गेली. आलेल्या पैशाचं काय करावं हे त्यांना कळेना, तेव्हा जावयानं डोकं चालवलं. गावात कामगार येणार, त्यांना खोल्या लागणार, इमारत बांधा. म्हणून शिळफाट्याच्या बाजारापासून थोडं आत, आपल्या जुन्या बैठ्या घरापुढे मालकांनी ही दुमजली इमारत उठवली. वरच्या खोल्यांपुढून लाकडी गॅलरी, कडेनं लाकडी जिना, मागे मालकांचं कौलारू घर आणि मध्ये आंब्याचं झाड असलेलं अंगण. इमारत उभी राहिली, वास्तुशांत झाली, पण मालक स्वतः वरच्या मजल्यावर एकदाही गेले नाहीत. वास्तुशांतीलासुद्धा वरची पूजा जावयानं केली म्हणे, आणि हे जिन्याच्या तोंडाशी अक्षता घेऊन उभे. कोणी छेडलं तर म्हणायचे, "मानसानं जमिनीवर ऱ्हावं. वर पाखरं ऱ्हातात." मग बांधलात कशाला एवढा मजला, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "जावई बोलला."

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन आले ती थेट या इमारतीत. आमच्या यजमानांना कारखान्यात पाळी, त्यामुळे सामान चढवताना मी आणि एक हमाल. मालक जिन्यापाशी जकात नाक्यावरच्या शिपायासारखे उभे. माझी ट्रंक बघून त्यांनी विचारलं, "सूनबाई, हिच्यात काय हाय?" मी म्हटलं, भांडी. "पितळेची का जर्मनची?" मी माहेरच्या ठसक्यात सांगितलं की आमच्याकडे मुलीला पितळेचीच देतात. मालकांचा चेहरा पडला. "हलकी जर्मनची आसती तर बरं झालं आसतं," असं पुटपुटत त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि हंडा वेगळा, परात वेगळी, असं माझं सगळं रुखवत गाव बघत असताना सुटं सुटं वर पाठवलं. मी खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, पहिल्याच दिवशी माझा अपमान झाला.

नंतर कळलं की हा माणूस सगळ्यांचा सारखाच अपमान करतो. वर पाटा-वरवंट्यावर वाटायला त्यांची बंदी होती. मसाला कुटायचा तर उखळ अंगणात, मालकिणीच्या शेजारी. मुलांनी गॅलरीत धावायचं नाही. धुणं वाळत घालायचं, पण पिळून. ओलं लुगडं कठड्यावर टाकलेलं दिसलं की ते खालून हाका मारायचे, जणू कठड्यावर कोणी मूलच लोंबकळतं आहे. जिन्याला धरायला म्हणून त्यांनी बैलाचा कासरा बांधून दिला होता. बैल विकून झाले होते, दोरी तेवढी राहिली होती. सकाळी उठून चहाच्या आधी ते गॅलरीच्या खांबांवरून हात फिरवायचे, थोपटायचे आणि कान लावायचे. बाजारात बैल पारखतात तशी त्यांची ती पारख चालायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच मंत्र, "जपून हां." दूधवाल्याला, पोस्टमनला, घाटावरून आलेल्या माझ्या वडिलांना, सगळ्यांना. वडिलांनी मला हळूच विचारलं, "या घरात कोणी पडलंय का?" कोणीच पडलं नव्हतं. इमारतीचं खरं नाव पाटीवर कधीच फिकं पडलं होतं, सगळं गाव तिला जपूनमालकांची बिल्डिंग म्हणायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू ही त्यांची सत्त्वपरीक्षा असायची. गावभरच्या बायका वर जाणार म्हणजे केवढं ओझं! मालक दिवसभर जिन्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि वरच्या काही बायका उतरल्या की तेवढ्याच नव्या सोडायचे. एका वर्षी आमच्या डॉक्टरांच्या पत्नी आल्या. अंगानं भरभक्कम, नाकात मोत्यांची नथ. मालक उठून उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. बाईमाणसाला काय सांगणार? शेवटी घरात जाऊन मालकिणीला म्हणाले, "अगं, बाईंचं वाण खालीच आन." मालकीण हळदीकुंकवाची कोयरी, तिळगूळ आणि वाण घेऊन आली आणि बाईंचं हळदीकुंकू आंब्याखाली झालं. बाईंना कारण कळायचं ते कळलंच, आणि राग निघाला आम्हा वरच्या मजल्यावर. पुढे आम्हाला खोकल्याचं औषध आणायला खालच्या मजल्यावरच्या लोकांना पाठवावं लागायचं.

आणि मग एका उन्हाळ्यात मालकांच्या भीतीवर सरकारी शिक्का बसला. कुठेशी एक गॅलरी माणसांसकट कोसळल्याची बातमी पेपरात आली होती. त्यानंतर नगरपालिकेनं हुकूम काढला की भाडेकरू ठेवणाऱ्या प्रत्येक मालकानं पावसाळ्याआधी आपली गॅलरी आणि जिना तपासून घ्यायचा. ओव्हरसियर येऊन बघणार, ठीक असेल तर दाखला देणार. नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत माणसं खाली. गावातल्या मालकांची एकच धांदल उडाली. जो तो लांबी भरून भेगा बुजवतोय, रंग देतोय, वाळवीवर डांबर फासतोय. आमचे मालक मात्र नवरदेवासारखे खुलले. "इतकी वर्सं मी येकटा वरडत होतो," ते म्हणाले. "आता सरकारपन वरडतंय." पण त्यांचा आनंद फार तर दोन दिवस टिकला. मग त्यांना वाटायला लागलं की ओव्हरसियरला खरंच काही सापडलं तर? आणि सापडायचं असून सापडलं नाही तर? त्यांना जेवण जाईना. मालकीण मला म्हणाली, "यांच्या पोटात भात नाय, नुसती गॅलरी हाय."

त्यात मला दिवस गेलेले. सातवा लागत होता. हे मालकांनी माझ्याशी कधी बोलून दाखवलं नाही, रीतच नव्हती, पण त्यांचा सगळा घोर माझ्या पावलांना येऊन चिकटला. मी दारातून बाहेर आले की खाली त्यांचं चालणं थांबायचं. मी जिना उतरेपर्यंत ते श्वास धरून असायचे, हे मला वरून दिसायचं आणि मग मीही पायऱ्या मोजत उतरायचे. पाण्याचा हंडा घेऊन मला चढायला लागू नये म्हणून त्यांनी गॅलरीच्या आढ्याला कप्पी बसवून घेतली, विहिरीवर असते तशी. खालून हंडा बांधायचा, वरून ओढायचा. मला फार बरं वाटलं. पण संध्याकाळी पाहते तर मालक सुताराकडून कप्पी उतरवून घेत होते. हंड्याचं ओझं जिन्यावर पडत होतं ते आता गॅलरीवर पडतंय, हे दुपारी त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मालकीण माझा हंडा वर आणू लागली आणि मालक तिलाही "जपून हां" म्हणू लागले.

ओव्हरसियर आला तो तरणा पोरगा, घाईत. वर गेला, बूट आपटून बघितला, कठडा हलवला, जिन्याचा कासरा बघून हसला आणि खाली येऊन म्हणाला, "चांगली आहे की. दाखला देतो." आम्ही सगळे वरून बघत होतो. आमच्या जिवात जीव आला. दुसरा कोणी मालक असता तर त्यानं साहेबाला चहा पाजून वाटेला लावला असता. आमचे मालक त्याच्या आडवे आले. "साहेब, वरून काय बगता? चांगुलपना वरूनच दिसतो. खालून बगा." आणि त्यांनी शिडी लावून, स्वतः ती दोन्ही हातांनी धरून, पोराला गॅलरीच्या खाली चढवलं. तुळया भिंतीत शिरतात तिथे बोट दाखवलं. ओव्हरसियरनं हातातली सळई टोचली. ती थांबेचना, मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती काढली तेव्हा तिच्याबरोबर भुसा गळत आला आणि मालकांच्या टोपीवर पडला. वाळवीनं आतलं लाकूड कधीच खाल्लं होतं. बाहेरून नुसती साल होती.

पोराचा चेहरा बदलला. "वरचे सगळे खाली घ्या," तो म्हणाला. "दुरुस्ती होईपर्यंत कोणी वर राहायचं नाही."

हे ऐकलं आणि आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतले तात्या उसळले. तात्या कारखान्याच्या युनियनमध्ये होते आणि जगातल्या प्रत्येक मालकाला ओळखून होते. त्या काळी भाड्याच्या खोलीची गोष्ट एकच होती. खोली हातात आहे तोवर आपली, एकदा कडी लावून बाहेर पडलो की गेली. कर्जतला एका मालकानं दुरुस्तीच्या नावाखाली बिऱ्हाडं काढली आणि मग दारं उघडलीच नाहीत, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तात्या कडाडले, "बघितलंत? साहेब दाखला देत होता, यानं स्वतः खोट दाखवली! कुठला मालक असं करेल? इतकी वर्षं करकर, करकर ऐकवून यानं आपल्याला पद्धतशीर तयार केलं. कायद्यानं भाडं वाढवता येत नाही ना, म्हणून हा डाव!" आणि खरं सांगायचं तर ते पटण्यासारखंच होतं. शहाणा माणूस असा वागत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आमचे यजमान पाळीवर, पोटात मूल, पावसाळा तोंडावर, माहेर घाटापलीकडे. खोली गेली तर मी बिऱ्हाड कुठे थाटणार होते?

मग तात्यांनी जे केलं ते फक्त भाडेकरूच करू जाणे. "मजबूत आहे का नाही हे आपण दाखवू," ते म्हणाले. "सगळे बाहेर या! सगळे गॅलरीत उभे राहा! साहेब, बघा, डोळ्यांनी बघा!" आणि लोक आले. बायका आल्या, कडेवर पोरं आली, कुणी आजीला हाताला धरून आणलं. तात्यांनी तर बंदी असलेला पाटासुद्धा उचलून आणून दणकन मध्ये ठेवला. ज्या गॅलरीत कधी चार बायका एकत्र उभ्या राहिल्या नव्हत्या तिथे सबंध मजला खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मीही होतेच. माझं दारच गॅलरीत उघडत होतं. पायाखाली काहीतरी हललं, अगदी थोडं, झोपेत कूस बदलावी तेवढं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण आधी हललो तर आपणच भित्रे ठरणार, आणि खोली आपलीच आधी जाणार.

खाली ओव्हरसियर हात उडवत ओरडत होता. मालक ओरडले नाहीत. मला वाटलं होतं, हा माणूस आता छाती धरून खाली बसेल किंवा पळत सुटेल. ते चालत आले आणि बरोबर गॅलरीच्या खाली, जिथे सगळ्यात जास्त माणसं उभी होती तिथे, मांडी घालून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. फळ्यांच्या फटीतून मला त्यांचं टक्कल दिसत होतं.

"मालक, सरका तिथून!" ओव्हरसियर म्हणाला.

"का? चांगली मजबूत हाय बोलतात ना हे," मालक म्हणाले. "मग मला काय हुतंय? आणि पडलीच तर कुनाच्या तरी अंगावर पडू दे. दगडावर पडन्यापरास बरं." त्यांनी गुडघ्यावरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तुमी वर, मी हितं. बघू कोन आदी उठतंय."

मग मालकीण पदराला हात पुसत घरातून आली, एकदा वर बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी बसली. मालक घाबरून म्हणाले, "अगं, तू कशाला?" ती म्हणाली, "तुमी येकटे कुटं कुटं म्हनून वर बगाल?"

फटीतून भुशाची एक बारीक धार त्या दोघांच्या मधे पडत राहिली. मला ती बघवेना. खोली गेली तर गेली, पण या दोघांच्या डोक्यावर मी उभी राहू शकत नव्हते. मी भिंत धरून जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं तसा खालून आवाज आला. मान वर न करता, नुसत्या पावलाच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं. "सूनबाई, जपून हां. वळनावरल्या पायरीला कासरा धर." मी कासरा धरला. माझ्यामागे आजी उतरली, मग पोरंवाल्या बायका. मालक बसल्या जागेवरून सांगत होते, दोघं दोघं नको, एकेक या, घाई नको. शेवटी वर तात्या आणि पाटा उरले. तात्या कठड्यापाशी उभे होते. मालक म्हणाले, "तात्या, पाटा ऱ्हाऊ दे वरच. तू तेवडा ये." तात्या आले. मालक उठायला गेले तर त्यांचे पाय उठेनात. तात्यांनीच त्यांना हात दिला.

तात्या खाली मान घालून पण हट्टानं म्हणाले, "खोली परत देणार याची हमी काय?" मालकांना हमी बिमी कळत नव्हती. त्यांनी टोपीवरचा भुसा झटकला आणि ते म्हणाले, "तुमी समदे माझ्या घरात ऱ्हावा. तुमच्या खोल्यांना तुमचीच कुलपं लावा, चाव्या तुमच्याकडंच. मी आनि ही भाताच्या कोठीत जातो, रिकामीच हाय ती आता. मंग बोला, कोन कोनाला भायर काढनार? मलाच माझ्या घरात यायचं आसलं तर तुमाला वर पाठवायला लागंल." तात्यांनी आजीचा हात धरला आणि ते मालकांच्या घराकडे चालू लागले.

तो पावसाळा आम्ही वरच्या मजल्याची बिऱ्हाडं मालकांच्या घरात दाटीवाटीनं राहिलो. माझं डोहाळजेवण मालकिणीनं तिथेच केलं, अंगणातल्या आंब्याला फुलांचा झोपाळा बांधून. मी हिरवं लुगडं नेसून बाहेर येते तो झोपाळ्यावर मालक बसलेले, टोपीसकट, जोरजोरात झोके घेत, वर फांदीकडे बघत. बायका तोंडाला पदर लावून हसतायत. मालकीण कपाळावर हात मारून म्हणाली, "डोहाळे तुमालाच लागलेत का?" मालक उतरले, दोरी एकदा ओढून बघितली आणि मला म्हणाले, "आता बस. पन जपून हां." श्रावणात मला मुलगी झाली.

सुतारांनी गॅलरी उतरवली तेव्हा एका तुळईचं टोक भिंतीतून हातानं निघालं. नवी गॅलरी सागवानी झाली. त्यासाठी मालकांनी उरलेला शेताचा तुकडा विकला, हे आम्हाला फार पुढे समजलं. माणसं वर सोडायच्या आधी त्यांनी गॅलरीत उसनी आणलेली भाताची पोती रचून ठेवली, चांगले काही दिवस. ओव्हरसियर येऊन दाखला देऊन गेला, तरी पोती हलेनात. मग एका सकाळी पोती उतरवून, माझी मुलगी माझ्या हातात असताना, मालक म्हणाले, "थांबा. आदी मी." आणि तो माणूस कासऱ्याला दोन्ही हातांनी धरून, डोळे अर्धे मिटून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वरच्या मजल्यावर गेला.

कठड्यापाशी जाऊन त्यांनी डोळे उघडले. मग खाली उभ्या मालकिणीला म्हणाले, "अगं, हितनं आपलं शेत दिसतंय." तिथे कारखान्याच्या पत्र्यांवाचून काही दिसत नव्हतं, पण कुठली शेड कुठल्या खाचरावर आहे हे ते तिला बोटानं दाखवत राहिले. मालकीण म्हणाली, "या आता खाली." ते आले, आणि पुन्हा कधी वर गेले नाहीत.

आम्ही ती खोली मागेच सोडली. मालक गेले, मालकीण गेली, जावयानं इमारत विकली. आता आम्ही नेरळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सिमेंटची बाल्कनी आहे, लोखंडी कठडा आहे, जिना रुंद आहे. सोसायटीच्या ऑफिसात तपासणीचा दाखला काचेत लावलेला असतो आणि सेक्रेटरी छातीवर हात ठेवून सांगतात, काळजीचं काही कारण नाही. माझी मुलगी पायऱ्या उड्या मारत उतरते. मी दारातून "जपून हां" म्हणते आणि ती हसते, कारण माझा आवाज त्या वेळी एखाद्या म्हाताऱ्या बाप्यासारखा येतो म्हणे. तिचं खरं आहे. संध्याकाळी मी बाल्कनीत उभी राहते तेव्हा कठड्यावर भार द्यायच्या आधी एकदा खाली वाकून बघते. खाली स्कूटरी लावलेल्या असतात, पोरं चेंडू खेळत असतात. तिथे मांडी घालून कोणी बसलेलं नसतं, आणि मग मी हळूच एक पाऊल मागे येते.